एका पियानोची दोन गिऱ्हाइकं

शाकीरला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. रांजणगावच्या कंपनीत तो स्टोअरकीपर होता, पण त्याची खुर्ची रिकामी आणि शाकीर रॅकांच्या मधे कुठंतरी, अशीच कायम गत. तरी दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात त्याच्या पायाला जी भिंगरी लागली ती वेगळीच होती. सुट्टी आली की शिरूरहून मोटारसायकल काढायची, न्हावरा आणि केडगाव मागं टाकत दौंड गाठायचं, आईच्या घरात उभ्याउभ्याच पाणी प्यायचं, आतल्या खोलीत डोकावून पियानोकडं एकदा बघायचं आणि परत फिरायचं.

"पळून चाललाय का रे तो?" त्याची आई सरदारबी विचारायची. "चार माणसांना हलत न्हाई, त्याच्यावर पहारा कशाला?"

पियानो होता खरा अवाढव्य. तीन जाडजूड पाय, वर पंखासारखं उघडणारं झाकण, आत बिडाची चौकट. शाकीरचा बाप सिद्दीक हा लाकडाला पॉलिश करणारा कारागीर. दौंडात रेल्वेच्या गोऱ्या साहेबांचा एक क्लब होता, तिथलं फर्निचर तो तरुणपणी चकाचक ठेवायचा. पुढं क्लब मोडला, सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, कपाटं, आरसे हातोहात गेले आणि पियानोला कोणी हात लावीना. सिद्दीकनं तो जळणाच्या भावात उचलला. घरात नेताना दार पुरेना, म्हणून चौकट काढून आत घातला आणि मग चौकट परत बसवली. त्याला वाजवता येत नव्हतं. पण रोज कामावरून आला की फडकं घेऊन तो लाकूड पुसत बसायचा. सरदारबी त्या पियानोला 'माझी सवत' म्हणायची.

सिद्दीक जाऊन वर्षं झाली होती. पियानोवर आता गोधड्यांची चळत असायची आणि उन्हाळ्यात पापडाची पाटी. सरदारबीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ती एकटी राहत होती. शाकीरच्या मनात एकच होतं. शिरूरला तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा, बायको सुमैया आणि लेकरांबरोबर आईलाही तिथं न्यायचं. फ्लॅटच्या बुकिंगला पैसे हवे होते, आणि फ्लॅटमधे पियानो मावणार नव्हता. म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

पुण्याचा एक जुन्या सामानाचा व्यापारी येऊन बघून गेला आणि वीस हजार म्हणाला. तेवढ्यात शिरूरच्या सायबर कॅफेत कुणीतरी सांगितलं, आता लिलाव इंटरनेटवर होतात, घरबसल्या दिल्ली-कलकत्त्याची माणसं बोली लावतात. शाकीरनं कंपनीतल्या इंजिनियरचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. गोधड्या उतरवल्या, फोटो काढले आणि पियानो लिलावाला लावला. तेव्हापासून जेवताना उठून कॅफेत जायची त्याला खोड लागली. बोली चढली की भूक मरायची, चढली नाही तरी मरायची.

पहिलं मोठं गिऱ्हाईक परदेशातलं निघालं. तो म्हणाला, किमतीच्या दुप्पट रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे माझ्या जहाजवाल्याला द्या. शाकीर काही दुधखुळा नव्हता. असले चेक महिन्याभरानं परत येतात आणि मधे दिलेले पैसे आपल्या बोडक्यावर बसतात, हे त्यानं त्याच साईटवर वाचलेलं होतं. त्यानं गिऱ्हाइकाला साफ नकार दिला आणि चहाच्या टपरीवर चार जणांना ही गोष्ट रंगवून सांगितली.

लिलाव संपला तेव्हा सत्तर हजारांना बोली लागली होती, दिल्लीच्या मेहरा नावाच्या माणसाची. हॉटेलांना जुन्या वस्तू पुरवतो म्हणाला. फोनवर आवाज असा गोड की बाटलीत भरून ठेवावा. "शाकीरभाई, चेक-वेक का झंझटही नहीं. सीधा आपके खाते में. पैसा आएगा, तब माल जाएगा." शाकीरला हेच हवं होतं. त्यानं खात्याचा नंबर दिला आणि ट्रान्सपोर्टवाल्यासाठी दौंडच्या घराचा पत्ताही दिला.

आणि पैसे खरोखरच आले. सत्तर हजार नव्हे, दीड लाख. रोख.

"केडगाव शाखेत भरलेत," बँकेतली बाई म्हणाली.

शाकीर चरकला. दिल्लीचा माणूस केडगावात कशाला पैसे भरील? त्यानं बँकेच्या पायरीवरूनच फोन लावला. मेहरा हसला. आपला ट्रान्सपोर्टवाला त्याच रस्त्यानं फिरतो, म्हणाला, त्यानंच भरले. वरचे ऐंशी हजार आपल्या दुसऱ्या मालाचे आहेत, चुकून एकत्र भरले गेले. "आज ही भेज दो भाई, नहीं तो ट्रक खड़ा रहेगा." लगोलग दिल्लीच्या एका खात्याचा नंबर आला.

सुमैयानं दुपारी जेवण वाढताना विचारलं, "ज्याचं तोंड बघितलं न्हाई, त्याचे जास्तीचे पैसे आपल्या खात्यात कशाला?"

"अगं, आलेत पैसे. गेले न्हाईत!" शाकीर म्हणाला. "चेक असता तर भ्यायचं. ही रोकड हाय. रोकड परत फिरत असती व्हय?"

ते खरंच होतं. रोकड परत फिरत नाही. त्यानं बँक बंद व्हायच्या आत ऐंशी हजार दिल्लीला धाडले. त्या दिवशी त्याला फार हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी मेहराचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशीही लागेना. शाकीरनं मनाची समजूत घातली की पियानो अजून घरातच आहे आणि पैसे खात्यात आहेत, मग बिघडलं काय? पण समजूत घातलेलं मन रात्रभर कूस बदलत राहिलं.

रविवारी सकाळीच सरदारबीचा शेजाऱ्याकडून फोन आला. "पियानो न्यायला माणसं आल्याती. ट्रॅक्टर हाय, ट्रॉली हाय. लवकर ये."

शाकीर दौंडला पोचला तेव्हा दारात ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीत उसाच्या वाड्याचा, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचा, जाड थर अंथरलेला होता. पाच-सहा दणकट गडी बिड्या ओढत बसले होते. ओट्यावर पांढऱ्या टोपीतले एक थोराड गृहस्थ सरदारबीशी बोलत होते. शेजारी त्यांचा मुलगा आणि नवी सून.

"रामराम," ते उठून म्हणाले. "मी कोंडिबा. खुटबावचा. मेहरासाहेबांचं गोडाऊन सांभाळणारे शाकीरभाई ते तुम्हीच का?"

शाकीर मोटारसायकलचा स्टँड लावता लावता थांबला.

"ह्यो आमचा विक्रम," कोंडिबा सांगत होते. "ह्यानंच इंटरनेटवर ह्यो पियानो धुंडला. आन् ही अपेक्षा, सूनबाई. पुण्याची हाय, ल्हानपणापासनं वाजवती. लग्न ठरलं तवाच मी शब्द दिलता, पोरी, तुझं वाजवणं खुटबावात येऊन बंद पडायचं न्हाई. मेहरासाहेब म्हणलं, माल दौंडच्या गोडाऊनला हाय, पैसं गोडाऊनवाल्याच्या खात्यात भरा. केडगावातच भरलं. मिळालं न्हवं?"

"मिळाले," शाकीर म्हणाला.

सगळा डाव एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. मेहरानं त्याच्याकडून पियानो सत्तरला घेतल्याचं सोंग केलं, त्याच्याच फोटोंवर तोच पियानो खुटबावला दीड लाखाला विकला, पैसे शाकीरच्या खात्यात भरायला लावले आणि वरचे ऐंशी हजार शाकीरच्याच हातानं उचलले. मेहरा दिल्लीतून हललासुद्धा नव्हता. दिल्लीत होता का तेही कुणास ठाऊक.

आणि कोंडिबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते तर खुशीत होते.

"बघू तरी द्या पोरीला," ते म्हणाले.

अपेक्षानं पदर खोचला आणि पियानोचं झाकण उघडलं. आधी एका बोटानं, मग दोन्ही हातांनी वाजवत गेली. काही पट्ट्या नुसत्याच ठक्‌ वाजायच्या, काही दाबल्या की वर येईनात. पण खालच्या सुरांचा आवाज असा भरदार निघाला की बाहेरचे गडी बिड्या विझवून खिडकीशी आले. सरदारबी भिंतीला टेकून ऐकत होती. चाळीस वर्षं घरात असलेली ती वस्तू तिनं पहिल्यांदाच अशी वाजताना ऐकली.

"जुना आहे, काम करून घ्यावं लागेल," अपेक्षा म्हणाली. पण तिचे डोळे चमकत होते.

"करू की!" कोंडिबा म्हणाले. "चला रं, लागा कामाला."

गड्यांनी दाराची चौकट काढली, पियानोखाली लाकडं सरकवली, पाय सोडवले आणि धूड आडवं करून दोरांनी आवळलं. शाकीर आत-बाहेर करत होता. कुणाला दोर धर म्हणे, कुणाला पाणी देई, उगाच ट्रॉलीतलं वाडं सारखं करी. डोक्यात एकच चरक फिरत होता. गप्प बसलं तर काय बिघडतं? म्हाताऱ्याला पियानो मिळाला, आपल्याला आपले सत्तर हजार. आपण काही चोरलेलं नाही. फ्लॅटवाल्याला उद्या पैसे द्यायचेत. आणि बोललो तर? पैसे ह्यांनी आपल्या खात्यात भरलेत, पुढं आपणच धाडलेत. मेहरा कोण, हे आपण काय दाखवणार? उद्या ठाण्यात नाव लागलं तर ते शाकीरचंच लागेल. कंपनीत कळलं तर स्टोअरची किल्ली कोण ठेवील आपल्या हातात?

पियानो दारात अर्धा बाहेर आला आणि अडकला. गडी घाम पुसायला थांबले. कोंडिबांनी खिशातून शंभराची नोट काढून पियानोवरून आतल्या सरदारबीपुढं धरली. "भाभी, पोरांना मिठाई आणा. आज आमच्या घरात चांगली वस्तू चाललीय. तुमच्या मालकानं लई जपली म्हणं. असली माणसं हायती म्हणून दीड लाख द्यायला जिवाला काय वाटलं न्हाई."

सरदारबीनं चमकून लेकाकडं बघितलं. तिला सत्तरच ठाऊक होते.

"आप्पा," शाकीर म्हणाला, "थांबा. दोर ओढू नका. मला बोलायचंय."

आणि मग तो बोलत सुटला. मेहराचा फोन, सत्तर हजारांची बोली, केडगावची रोकड, ऐंशी हजार, दिल्ली. मागचं पुढं, पुढचं मागं होत होतं. "मी गोडाऊनवाला न्हाई, आप्पा. ह्यो पियानो माझ्या बापाचा. मी सत्तरलाच विकला व्हता."

विक्रमनं दोन ढांगांत येऊन त्याची कॉलर धरली. "म्हंजी आमचं ऐंशी हजार तूच पाठवलंस व्हय? आन् आता साळसूदपणा दावतोस? चारशेवीस! मेहरा-बिहरा कुणी न्हाई, तूच मेहरा!"

"मी असतो तर आत्ता बोललो असतो का?" शाकीर ओरडला.

गड्यांनी दोर सोडून दिले आणि पियानो दारात तसाच कलंडून बसला. त्याच्या मागं खोलीत सरदारबी आणि अपेक्षा अडकल्या. सरदारबी आतूनच ओरडली, "ओ भैया! छोडो उसको! बोलना है तो मेरेसे बोलो! पण आधी हे धूड हलवा, मला बाहेर येऊ द्या!"

कुणाला हसू आलं नाही. कोंडिबा ओट्यावर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विक्रम, सोड त्याला," ते म्हणाले. मग शाकीरकडं बघितलं. "गड्या, तू गप ऱ्हायला असतास तर मी हसत खुटबावला गेलो असतो. आन् तुझं काय जाणार व्हतं? कशाला बोललास?"

शाकीरनं मान हलवली. "बसवेना, आप्पा. तुम्ही मिठाईला पैसे काढले आन् मला ऱ्हावेना."

"आन् आता मला झोप लागंल व्हय?" कोंडिबा चिडून म्हणाले. पण ते चिडणं वेगळं होतं.

अपेक्षा पियानोच्या आडून म्हणाली, "आप्पा, मला हवाय हा. पण दीड लाखाचा नाहीये. मी वाजवला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही एवढ्या खुशीत होतात, म्हणून बोलले नाही."

विक्रम बायकोच्या आवाजाच्या दिशेनं बघतच राहिला. पैसे भरण्याआधी पियानो बघून येऊ, असं तिनं त्याला म्हटलं होतं. तो म्हणाला होता, मुंबईचं गिऱ्हाईक टपलंय, आज भरले नाहीत तर हातचा जाईल. मेहरानंच त्याला तसं सांगितलं होतं.

दुपारी तिघं पुरुष ठाण्यात गेले. हवालदारानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिर्याद कुणाविरुद्ध लिहू?" विक्रम बोलायच्या आत कोंडिबा म्हणाले, "त्या मेहराविरुद्ध. आन् फिर्यादी दोघं. ह्यो आन् मी." शाकीरनं चोरून त्यांच्याकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

परत येताना रेल्वे फाटकाजवळ ते थांबले. "हे बघ, शाकीर. माझं पैसं तू हातानं चोराला दिलंस, ही तुझी चूक. वस्तू न बघता मी पैसं भरलं, ही माझी. ऐंशी हजाराचा खड्डा हाय, तो दोघांनी भरायचा. अर्धा तू, अर्धा मी. पटतंय का?"

न पटण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे चाळीस हजार परत द्यायचे, आणि बापाचा पियानो तीस हजारांना गेला. पुण्याचा व्यापारी वीस म्हणाला होता, एवढंच समाधान. "पटतंय," शाकीर म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं खुटबावला जाऊन पैसे दिले. कोंडिबांनी चहा पाजला. विक्रम मात्र घरात असून बाहेर आला नाही.

फ्लॅट हातचा गेला. शाकीरनं शिरूरलाच तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आईला आणलं. सुमैयानं टोमणा मारला नाही, हेच त्याला जास्त लागलं. सरदारबीचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती म्हणाली, "सवत गेली ते बरं झालं." मग थोड्या वेळानं, "तिकडं तिला पुसतात का रे?"

तपास चालू राहिला. दिल्लीचं ते खातं एका मजुराच्या नावावर निघालं. त्यानं आपली कागदपत्रं कुणाला तरी दोन हजारांना वापरायला दिली होती, त्यापुढं धागा तुटला. पण कोंडिबांचा फोन दर आठवड्याला येई. "काय कळालं का?" "न्हाई, आप्पा." "बरं." एवढंच बोलणं व्हायचं. एखाद्या आठवड्यात फोन आला नाही तर शाकीरच लावायचा.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी फोन विक्रमचा आला. कॉलर धरल्यानंतर तो पहिल्यांदाच बोलत होता. "शाकीरभाई, लवकर साईट बघा. आपला पियानो परत लिलावाला लागलाय."

कंपनीच्या कामानं पुण्याला गेलेला शाकीर परतीच्या बसमधून शिक्रापूरलाच उतरला आणि हायवेवरच्या कॅफेत घुसला. फोटो त्यानंच काढलेले. तेच झाकण, तीच खिडकी, आणि कोपऱ्यात सरदारबीच्या गोधडीचं टोक. विकणारा म्हणे बंगलोरचा. बोली लाखावर गेलेली आणि पाच जण बोली लावणारे.

त्यानं साईटवाल्यांना कळवलं. पण उत्तर यायला वेळ लागणार, आणि तोवर कुणीतरी पैसे भरणार. मग त्यानं पाचही जणांना एकेक करून लिहायला घेतलं. धड इंग्रजी येत नव्हतं, जसं येईल तसं लिहिलं. हा पियानो माझ्या वडिलांचा, तो आता खुटबावला आहे, पैसे भरू नका, माझे गेलेत. तिघांचं उत्तरच आलं नाही. एकानं शिवी लिहिली, तुला स्वतःला स्वस्तात हवा म्हणून घाबरवतोस का? शाकीरनं त्याला पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा शिवी दिली. शाकीरनं तिसऱ्यांदा लिहिलं आणि खाली स्वतःचा नंबर दिला.

पाचवी नागपूरची एक बाई होती, लहान मुलांची संगीतशाळा चालवणारी. तिनं उलट विचारलं, "तुमच्यावर तरी विश्वास कसा ठेवू? तुम्हीही भेटलेले नाही आहात." तिचं खरंच होतं. शाकीरनं कोंडिबांच्या घरचा नंबर लिहिला आणि कळवलं, तिथं विचारा. मग घाईघाईनं खुटबावला फोन लावून सांगितलं की नागपूरहून बाई बोलतील, तेवढं सांगा.

शिरूरला पोचेपर्यंत त्याला दम निघेना. रांजणगावच्या फाट्यावरून त्यानं परत फोन केला, घरचा नंबर लागेना म्हणून विक्रमच्या मोबाईलवर. अपेक्षानं उचलला. तिच्या मागं विक्रम काहीतरी मोठ्यानं बोलत होता.

"आला होता का त्यांचा फोन?"

"आला होता. आप्पांनी घेतला." ती हसत होती. "बाईंना पटेचना. मग आप्पांनी मला पियानोसमोर बसवलं, फोन आत झाकणापाशी धरला आणि म्हणाले, ऐका, ह्यो हितंच हाय!"

"मग?"

"अजून आप्पा फोन सोडत नाहीत, म्हणून दुसऱ्या फोनवरून बोलतेय. बाई म्हणतायत, अजून थोडं वाजवा. मी जाते."